जुनी रजिस्टरं वाचायला माणूस लागतोच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुने कागद आता एआयच वाचणार, त्यासाठी माणसं बसवायची गरज नाही, असा सूर तुमच्या रविवारच्या लेखात होता. मी इथे इंग्लंडात नॉर्फोकमधल्या एका छोट्या गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं व्हॉलंटियर म्हणून टाइप करते, त्यामुळे राहवलं नाही.

प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लिहून ठेवायची हा हुकूम राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा, १५३८ चा. सुरुवातीची कितीतरी पानं गेलीच, जी उरलीत त्यांचं अक्षर म्हणजे मोडी वाचणाऱ्यांनाच ते दुखणं कळेल, आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखीचा व्हावा लागतो. मान्य आहे, कॉम्प्युटरही ते शिकतो. पण १० फेब्रुवारी १७२० दिसलं की तो तेच उतरवणार, आणि तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं (हे १७५१ पर्यंत चाललं), म्हणजे आजच्या हिशोबाने ते १७२१, म्हणून आम्ही १७२०/२१ असं लिहितो. तसंच १७८३ चं. सरकारने प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर लावला, गरिबांना माफी होती, मग काही ठिकाणी कर लागायच्या आधी एकाच घरची तीन-चार मुलं एका दिवशी चर्चमधे आणलेली दिसतात. हे माहीत नसेल तर माणूस त्यांना जुळी-तिळी समजून बसेल! १७९४ मधे तो कर उठला.

सगळ्यात जपून करायचं काम नावांचं. एकाच बापाचे दोन जॉन सापडतात, कारण पहिला गेला की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायचे, आणि दफनाचं रजिस्टर शेजारी ठेवून बघितलं नाही तर कुणाच्या तरी वंशावळीत गेलेलं बाळ आजोबा होऊन बसतं. जुन्या नोंदींत बरेचदा आईचं नावच नसतं, फक्त बापाचं. आईचं पूर्ण नाव दिसतं ते मूल लग्नाशिवाय झालेलं असेल तेव्हा, आणि तिथे पाद्रीसाहेबांनी मुलाबद्दल हिणकस शब्द लिहिलेले असतात. ते गाळून टाक असं मला सांगणारे भेटलेत, मी गाळत नाही. त्या बाईचं नाव दुसरीकडे कुठे असेल याची खात्री नाही, आणि तिच्याशी कसं वागले हेही कळायला हवं.

मशीनने पहिला कच्चा मसुदा जरूर करावा, पण तपासायला माणसं हवीतच, आणि इथली माणसं कमी पडतायत. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी फ्रीरेग (FreeREG) या, व्हॉलंटियरकडून जुनी चर्चची रजिस्टरं टाइप करून घेणाऱ्या मोफत प्रकल्पाकडे जरूर बघावं. लॅटिनची भीती वाटत असेल तर १८१३ नंतरची रजिस्टरं घ्या, छापील फॉर्म आहेत, पानावर आठ नोंदी, आईबापाचं नाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, सगळं इंग्रजीत. थोड्या सरावाने जमतं.

आपली,
एक वाचक, नॉर्फोक