माशाची सुरक्षितता गाळातही तपासा

माननीय संपादक,

तळ्यातल्या माशांत कीटकनाशकाचे अवशेष असल्याची शंका आली की पाण्याचा नमुना पाठवला जातो आणि अहवाल चांगला आला की विषय संपतो. तो तिथे संपू नये. डीडीटी, एंडोसल्फान ही द्रव्ये पाण्यात जेमतेम विरघळतात. ती गाळाला चिकटतात, गाळातल्या अळ्या-किड्यांतून माशात जातात आणि चरबीत साठत राहतात. तळाशी चरणाऱ्या सायप्रिनससारख्या माशांना म्हणूनच धोका जास्त. वापर बंद होऊन वर्षे लोटली तरी जुन्या शेतजमिनीत खोदलेल्या तळ्यात ती निघू शकतात.

पिकांवर फवारल्या जाणाऱ्या सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचे गणित वेगळे आहे. एक हेक्टर पसरलेल्या, मीटरभर खोल तळ्यात १ कोटी लिटर पाणी असते. १० टक्के तीव्रतेच्या १०० मिलिलिटर औषधाने त्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम सायपरमेथ्रिन होते आणि काही जातींच्या माशांना तेवढेही मारक ठरू शकते. फवारणीचा पंप तळ्यात धुणे म्हणूनच कायमचे बंद व्हायला हवे.

त्याहून गंभीर प्रकार म्हणजे माशांच्या उवा (अंगाला चिकटणारे परजीवी) मारायला शेतीचेच औषध तळ्यात ओतणे. मासा वाचला तर तो लगेच विकलाही जातो. माशांच्या औषधाला विक्रीपूर्वी थांबण्याचा काळ अंश-दिवसांत (पाण्याचे तापमान गुणिले दिवस) मोजतात, कारण थंड पाण्यात माशाच्या शरीरातून औषध सावकाश निघते: ५०० अंश-दिवस म्हणजे २५ अंश सेल्सिअसला २० दिवस, २० अंशांना २५. शेतीच्या बाटलीवर पिकाचा प्रतीक्षाकाळ असतो, माशाचा नसतो. मग उत्पादक किती दिवस थांबणार?

शेत आणि तळे यांच्यामध्ये बांध व दाट गवताचा पट्टा ठेवावा, फवारणीनंतरच्या पहिल्या पावसाचे पाणी तळ्यात न घेता बाहेर वळवावे. खाद्यातली पेंड आणि कोंडाही तपासावा.

घरी कातडी, पोटाकडची चरबी आणि यकृत काढून टाकावे. भाजताना गळलेली चरबी रश्श्यात वापरू नये. नुसते शिजवून डीडीटी नष्ट होत नाही. मासे खाणे सोडण्याचे मात्र कारण नाही.

प्रयोगशाळांनी अहवालात माशाचा कोणता भाग तपासला आणि किमान किती प्रमाण मोजता येते, हे लिहिणे सक्तीचे करावे. त्याशिवाय 'आढळले नाही' या शेऱ्यावरून ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही.

– मत्स्यशेतीशी संबंधित काही वाचक