सूचना : बोटीच्या डेकवरील निचऱ्याची तोंडे बदलणे

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या सामायिक फायबरग्लास बोटीच्या डेकवरील निचऱ्याची चारही प्लास्टिकची तोंडे उन्हाने ठिसूळ झाली असून, मागच्या उजव्या तोंडाची कड नखाने दाबली तरी तिचा भुगा हाताला लागतो. ती बदलण्याचे काम येत्या रविवारी सकाळी ८ वाजता, बोट ओढून ठेवली आहे तिथेच सुरू होईल. दुरुस्ती गटातील सर्वांनी उपस्थित राहावे. पितळी धातूची नवी तोंडे आणून ठेवली आहेत.

खरी काळजी आहे ती तोंड ज्यात बसते त्या डेकमधील भोकाच्या कडेची. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड आहे आणि सीलंट (फट बंद करणारा चिकट लेप) सुटले की पाणी थेट त्यात मुरते. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

• जुने तोंड उचकटू नये, आतील नट कापून ते काढावे.

• लाकूड ओले किंवा काळे आढळल्यास ते खरवडून, पूर्ण वाळवून भोक दाट इपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या राळेने) भरावे आणि इपॉक्सी कडक झाल्यावरच नवे भोक पाडावे. यासाठी काम आठवडाभर लांबले तरी चालेल, मात्र ओल आत कोंडू नये.

• सिलिकॉन वापरू नये, पॉलियुरेथेन सीलंटच वापरावे.

• घासकाम करताना मास्क लावावा.

बादलीने पाणी ओतून गळती तपासल्याशिवाय बोट पाण्यात उतरवू नये, ही विनंती.

– देखभाल समिती