स्नॅपशॉटच्या भरवशावर बॅकअप सोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या अनेक पतपेढ्या, सीएंची कार्यालये आणि छोटी रुग्णालये आता व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकांवर, चालतात. तिथे बॅकअपची चौकशी केली, तर ‘स्नॅपशॉट काढून ठेवलाय’ असे उत्तर सर्रास मिळते. स्नॅपशॉट म्हणजे मशीन पुन्हा त्या क्षणाच्या स्थितीत नेता यावे म्हणून केलेली सोय. हे उत्तर ऐकून संचालक मंडळे निश्चिंत होतात, ते धोक्याचे आहे. म्हणून हे पत्र.

स्नॅपशॉट काढला म्हणजे डिस्कची दुसरी प्रत तयार झाली, हा समज मुळातच चुकीचा आहे. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅपशॉट घेताच मशीनची डिस्क असलेली मूळ व्हीएमडीके फाइल गोठते आणि त्यानंतरचे सगळे लिखाण नव्या डेल्टा फाइलमध्ये जाते. जुनी खतावणी मिटून पुढच्या नोंदी वेगळ्या वहीत कराव्यात, तसेच हे. आजची शिल्लक काढायला दोन्ही वह्या लागतात. त्यातली एक हरवली की हिशेब संपला. डेल्टासोबत व्हीएमएसएन फाइल मशीनची त्या क्षणाची स्थिती ठेवते, आणि कोणता स्नॅपशॉट कोणाच्या पोटी याची वंशावळ व्हीएमएसडी फाइलमध्ये असते. मेमरीसह स्नॅपशॉट घेतला, तर १६ जीबी रॅमच्या मशीनमागे साधारण तेवढीच आणखी जागा जाते.

डेल्टा फाइल वाढत राहते. २०० जीबीच्या डिस्कची डेल्टा २०० जीबीपर्यंत जाऊ शकते. स्टोअरेज भरले की मशीन थांबते, आणि मग खरा घोटाळा होतो. जागा करायच्या घाईत कोणीतरी फोल्डर उघडतो आणि नावात सहा आकडी क्रमांक असलेली फाइल ‘जुनी’ समजून उडवतो. प्रत्यक्षात तीच सर्वांत ताजी असते. दुसरा प्रकार म्हणजे डेल्टा बाजूला ठेवून मशीन थेट मूळ डिस्कवर चालू करणे. मूळ डिस्कमध्ये बदल झाला की दोन्ही फाइलींचे ओळख-आकडे जुळत नाहीत, साखळी तुटते आणि डेल्टातला मजकूर सुखरूप परत मिळेल याची खात्री उरत नाही.

अशा वेळी फाइलींना हात लावू नये. त्याच स्टोअरेजवरचे कमी महत्त्वाचे एखादे मशीन रीतसर बंद करावे; त्याची स्वॅप फाइल (रॅम कमी पडल्यास वापरायला डिस्कवर राखलेली जागा) सुटते आणि मेमरी राखीव ठेवलेली नसेल, तर रॅमइतकी जागा मोकळी होते. मग स्नॅपशॉट मॅनेजरमधून ‘डिलीट ऑल’ द्यावे. या शब्दाला लोक उगाच घाबरतात. इथे डिलीट म्हणजे डेल्टातल्या नोंदी मूळ डिस्कमध्ये मिसळणे. माहिती जात नाही. माहिती जाते ती ‘रिव्हर्ट’ने, म्हणजे मशीन स्नॅपशॉटच्या क्षणाला मागे नेल्याने. मोठी डेल्टा मिसळायला तासन् तास लागतात, काम ९९ टक्क्यांवर अडकल्यासारखे दिसते. तेव्हा होस्ट (ज्यावर ही मशीन चालतात तो मूळ सर्व्हर) रीस्टार्ट करण्याचा मोह आवरावा.

मग स्नॅपशॉट वापरायचा कशाला? अपडेटपूर्वीच्या काही तासांसाठी. वापरकर्त्यांना बाहेर काढा, मोकळी जागा पाहा. डेटाबेस असेल, तर मशीन बंद करून घेतलेला स्नॅपशॉट सर्वांत स्वच्छ. ते शक्य नसेल, तर व्हीएमवेअर टूल्स चालू असल्याची खात्री करून ‘क्वायेस’ (स्नॅपशॉटपुरते डिस्कवरचे लिखाण थोपवणे) निवडा आणि मेमरीची खूण काढा. नावात तारीख आणि काढून टाकण्याचा दिवस लिहा. अपडेट तपासून झाले की स्नॅपशॉट डिलीट करा. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असे व्हीएमवेअरच सांगते. साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण दोन-तीनच्या पुढे जाऊ नये. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये यालाच चेकपॉइंट म्हणतात आणि फाइल एव्हीएचडीएक्स असते; तत्त्व तेच.

रिव्हर्ट करण्याआधी मधल्या काळातल्या पावत्या आणि व्हाउचर कुठे नोंदले आहेत, ते विचारा. ते सगळे जाईल, समोरच्या बँकेकडे मात्र व्यवहार झालेला दिसेल. सेटिंगमध्ये ‘इंडिपेंडंट’ ठेवलेली डिस्क स्नॅपशॉटमध्ये येतच नाही. प्रोग्राम मागे आणि डेटा पुढे, अशी विचित्र अवस्था त्यातून होते. विंडोज डोमेनमधले (कार्यालयाच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेतले) मशीन महिन्याहून जुन्या स्नॅपशॉटवर नेले, तर मशीनच्या स्वतःच्या, दरम्यान आपोआप बदललेल्या पासवर्डमुळे डोमेनशी नाते तुटण्याची शक्यता असते.

बॅकअप सॉफ्टवेअरही तात्पुरते स्नॅपशॉट घेते आणि कधी कधी ते मागे उरतात. मॅनेजरच्या यादीत ते दिसतीलच असे नाही. मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्कच्या फाइलचे नाव पाहावे. यादी रिकामी असूनही त्यात सहा आकडी क्रमांक असेल, तर मशीन डेल्टावरच चालू आहे आणि ‘कन्सॉलिडेट’ करणे, म्हणजे ती डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळणे, बाकी आहे. हे दर सोमवारी पाहायला पाच मिनिटे पुरतात.

बॅकअप वेगळ्या यंत्रावर आणि त्याची एक प्रत वेगळ्या इमारतीत हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये पाणी शिरले, तर स्नॅपशॉटही त्याच डिस्कबरोबर बुडणार. संचालकांनी देखभाल कंत्राटदाराकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात : सध्या उघडे असलेले स्नॅपशॉट तारखेसह, आणि बॅकअपमधून मशीन उभे करून पाहिल्याचा शेवटचा दिवस. दुसरा रकाना कोरा आला, तर पुढच्या बिलावर सही करण्याआधी ती चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी.

आपला,
सर्व्हर देखभालीचे काम करणारा एक वाचक, परळ, मुंबई