साऱ्या बाजाराने माझा जबडा पाहिला: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस सादर नमस्कार.

आपण कामात असता, म्हणून थोडक्यात लिहायचे ठरवले होते. पण गेल्या आठवड्यात फोंड्याकडच्या एका दातांच्या दवाखान्याने माझ्या तोंडाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो मला न विचारता इन्स्टाग्रामवर टाकले. डोळ्यांवर काळी पट्टी मारली, केवढी ही मर्यादा! शेजारी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, त्याच्या कोपऱ्यात माझे नाव, वय आणि तारीख ठळक. मासळी बाजारात एक ओळखीचे गृहस्थ भेटले, म्हणाले, “बरे केलेत, पुढचे दोन बसवून घेतलेत!” सुंगटे न घेताच घरी आलो.

दवाखान्यात पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतात. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करायची गोळी, कावीळ, एचआयव्ही. विचारायलाच हवे, ती गोळी चालू असताना दाढ काढली तर रक्त लवकर थांबत नाही. पण काउंटरवरची मुलगी तो फॉर्म मोठ्याने वाचून खात्री करून घेते आणि बाकावरची माणसे कान टवकारतात. पाठोपाठ इम्प्लांटसाठी हप्त्यांवर कर्ज देणाऱ्याचा फोन. माझा कुठला दात गेला हे त्याला बायकोच्या आधी ठाऊक! बरे, एवढे करून काम तरी धड? रूट कॅनलवरची कॅप महिन्यात निसटली, गाल सुजला, पेजेवर दिवस काढले, रात्री उशाला बर्फ. त्याचा ‘नंतर’चा फोटो मात्र कुणी टाकला नाही.

जाब विचारला तर उत्तर, “तुम्ही सही केली आहे.” सही उपचाराला होती, साहेब, जाहिरातीला नव्हे.

दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेत रुग्णाची गुप्तता पाळा असे लिहिले आहे. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ होत्या. २०२३ च्या नव्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो वेगळा वर्गच उरलेला नाही. शिवाय हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू, म्हणजे काउंटरवरची कागदी फाईल स्कॅन होईपर्यंत मोकाट. दंड म्हणे २५० कोटी रुपयांपर्यंत. छान! पण तो जाणार सरकारच्या तिजोरीत, अब्रू गेली त्याला छदाम नाही. उलट मी खोटी तक्रार केली असे ठरले तर मलाच १०,००० रुपयांपर्यंत दंड. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यातली मुख्य कलमे १८ महिन्यांनी लागू. गोव्यात पंधरा लाख तोंडे, प्रत्येकी ३२ दात, झाले चार कोटी ऐंशी लाख (माझ्यासारख्यांचे पडलेले वजा करा). एवढ्यांची राखण कोण करणार? एका कचेरीत गेलो तर दुसरीकडे धाडले, दुसरीने दिल्लीकडे बोट दाखवले.

आणि सरकार तरी कुठे वेगळे आहे? वीजबिलाला मोबाईल नंबर, भाडेकरू ठेवला तर त्याचे कागद पोलिसांना, योजनेला आधारची झेरॉक्स. त्या झेरॉक्सचे पुढे काय होते, हे विचारले की कारकून असा बघतो जणू मीच चोर. आम्ही मेलो तरी आमचा डेटा जिवंत राहील अशी व्यवस्था तुम्ही लोकांनी केली आहे, फक्त आम्हाला त्यातले एक पानही मिळत नाही. मी माझ्या एक्स-रेची प्रत मागितली तर दवाखाना म्हणतो, “सॉफ्टवेअर बंद आहे.” इन्स्टाग्रामवर टाकताना बरे चालू होते!

आरोग्य हा राज्याचा विषय आहे, तेव्हा दिल्लीचे कारण सांगू नका. दवाखान्यांच्या नोंदणीत अट घाला: फोटोसाठी वेगळी संमती आणि ती कधीही मागे घ्यायची सोय, फॉर्म बंद खोलीत भरून घ्यायचा, रुग्णाचा नंबर कर्जवाल्यांना दिल्यास नोंदणी रद्द. आणि तक्रार घेणारा एक माणूस नेमा, ज्याला टेबल असेल आणि जो जागेवर असेल. याला विधानसभेचे अधिवेशन लागणार नसावे. लागत असेल तर तसे लेखी कळवा.

आपला,
फोंडा तालुक्यातील एक मतदार