चिमणीच्या नळीची जबाबदारी कोणाची?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीत चकल्यांचा तिसरा घाणा कढईत असताना आमच्या स्वयंपाकघरात आग लागली. कोणालाही इजा झाली नाही. घडला प्रकार मात्र इतर घरांनी जाणून घ्यावा असा आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तेल फार तापले आणि कढईने पेट घेतला. जाऊबाईंनी प्रसंगावधान राखून गॅस बंद केला आणि हाताशी असलेली मोठी परात कढईवर पालथी घातली. कढईतली आग विझली. आम्ही हुश्श करणार तोच डोक्यावरून घोंघों आवाज येऊ लागला आणि ओट्यावरच्या कपाटाच्या फटींतून काळा धूर झिरपू लागला. चिमणी तशीच चालू होती. तिच्या पंख्याने मघाची ज्वाळा आत ओढली होती आणि आता तोच पंखा आतल्या आगीला वारा घालत होता. शेजारच्या काकांनी येऊन मेन स्विच पाडला. अग्निशमन दलाचे जवान आले, त्यांनी कपाटाचे प्लायवूड उखडून चिमणीचा धूर भिंतीबाहेर नेणारी ॲल्युमिनियमची नळी बाहेर ओढली. तिच्या आतून चहूबाजूंनी काळा चिकटा बसलेला होता. भिंतीबाहेरच्या तोंडाशी पारव्याचे घरटे होते. सुक्या काटक्या आणि पिसे तेलकट धुरात मुरून तयार होती.

याच चिमणीची 'फुल सर्व्हिस' आगीच्या पंधरा दिवस आधी झाली होती. कंपनीचा माणूस आला, त्याने जाळ्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळल्या, तेलाची वाटी रिकामी केली, काच लख्ख पुसली आणि पैसे घेऊन गेला. नळीला त्याने हातही लावला नाही. मीही विचारले नाही, कारण नळीत काही साफ करायचे असते हेच मला माहीत नव्हते. दुकानात 'ऑटोक्लीन' हा शब्द ऐकून आपण निर्धास्त होतो. ते बटण दाबल्यावर पंख्याजवळची कॉइल तापते, तिथले तेल वितळून वाटीत उतरते. नळीपर्यंत त्याचा काहीही उपयोग नाही. उलट, हल्ली ज्या बिनजाळीच्या चिमण्या मिळतात, त्यांत तेलाचे कण अडवायला जाळीच नसते. पंख्यातून निसटलेले कण थेट नळीत जातात आणि तिच्या वळ्यावळ्यांत बसतात. नळीला जितकी वळणे जास्त, तितकी ओढ कमी आणि चिकटा जास्त.

आग विझल्यावर मी विचारपूस केली. कंपनी म्हणाली, नळी करारात येत नाही. कपाटे करणारा म्हणाला, मी फक्त झाकून दिली, झाकायला तुम्हीच सांगितले होते (आणि ते खरे आहे). सोसायटीचे म्हणणे, सदनिकेच्या आतले आमचे नाही. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी बरोबर असेल, पण नळी कोणाचीच नाही.

माझी मुलगी जर्मनीत, श्टुटगार्टला असते. तिच्याकडे मुक्कामाला असताना एका सकाळी डोक्यापासून पायापर्यंत काळ्या पोशाखातला एक गृहस्थ दारात उभा राहिला. तो धुराडी तपासणारा. त्याचे दर्शन तिकडे शुभ मानतात. पण त्याला घरात घ्यायचे ते शकुनासाठी नव्हे, तसा कायदाच आहे. प्रत्येक भागाला एक अधिकृत माणूस नेमलेला असतो आणि सात वर्षांत दोनदा तो घरातल्या शेगड्या, बॉयलर, धुराडी पाहून जातो. 2013 पासून नेहमीची सफाई कोणाकडून करून घ्यायची हे घरमालक ठरवू शकतो. तपासणी मात्र त्या अधिकृत माणसाचीच. त्याने बॉयलरच्या नळीत यंत्राची कांडी घालून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मोजला आणि कागद लिहून दिला. तिकडे लाकडाची काजळी, इकडे फोडणीचा चिकटा, पेटतात दोन्ही.

आमच्या आजीचे घर मराठवाड्यात, माळवदाचे. चुलीचा धूर सवण्यातून, म्हणजे छताला ठेवलेल्या भोकातून, वर जायचा आणि जाता जाता सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढायचा. त्या धुराने बायकांची छाती आणि डोळे खराब केले, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण तुळयांवरची काजळी रोज डोळ्यांसमोर असायची, म्हणून दिवाळीआधी आजी लांब काठीला झाडू बांधून ती उतरवून घ्यायची. आता आपला धूर बंद नळीतून जातो, नळी कपाटात असते आणि कपाट कोणी उघडत नाही.

महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचे असते. आमची सोसायटी ते देते. माझी विनंती अशी, की त्याच दोन महिन्यांत सोसायट्यांनी घरोघरी एक चिठ्ठी फिरवावी: चिमणीची नळी शेवटची कधी काढून पाहिली? बाहेरच्या तोंडाला पक्ष्यांची जाळी आहे का? नळी प्लॅस्टिकची तर नाही? यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. कंपन्यांनीही बिलावर 'नळी काढून साफ केली / केली नाही' असे स्पष्ट लिहावे आणि ग्राहकाने त्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कढईने पेट घेतलाच, तर आधी चिमणी आणि गॅस बंद करा. हात भाजण्याचा धोका नसेल तर झाकण घाला. पाणी मात्र ओतू नका. ते तेलाखाली जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटते तेल स्वयंपाकघरभर उडते. कढई उचलून मोरीकडे धावू नका. आग वर गेली असेल तर घरातली माणसे बाहेर काढून 101 ला फोन करा.

आमची नवी नळी आता कपाटाबाहेरून, सगळ्यांना दिसेल अशी जाते आणि तिचा जोड हाताने सुटतो. ओटा पूर्वीसारखा देखणा राहिलेला नाही. उखडलेले प्लायवूड मी पुन्हा बसवून घेतलेले नाही.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे