ज्वारीच्या डब्यातली केबल

वडगाव, बेळगाव
शनिवार, रात्री

प्रिय बाळ,

मंगाईची यात्रा होऊन चार दिवस झाले, पाऊस काही उघडत नाही. मागच्या पडवीचा पत्रा रात्रभर वाजतोय आणि लाइट जाऊन येऊन आहे. म्हणून फोनवर टाइप करायचं सोडलं आणि वहीतली पानं काढून बसले.

यात्रेच्या आदल्या दिवशी तू विचारलेलंस, "आई, 2010 ते 2019 या दहा वर्षांतला सगळ्यात चांगला गेम तुझ्या मते कुठला?" तुमच्या ऑफिसात जो तो आपली यादी घेऊन भांडत होता म्हणे. मी "विचार करून सांगते" म्हटलं. तुला वाटलं असेल, आईनं विषय टाळला. तसं नव्हतं. हे चार दिवस भाकऱ्या थापताना, शाळेत जाताना माझ्या डोक्यात तेच आहे.

तुझ्या यादीत वर 'द विचर 3' आणि झेल्डाचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. ते मोठेच असणार, पण त्यांच्याविषयी मी काय बोलणार? झेल्डाला निन्टेन्डोचं यंत्र लागतं, ते आपल्या घरात कधी आलं नाही. विचर 2015 त आला, तेव्हा बाबांनी उद्यमबागेतल्या ओळखीच्या माणसाकडून घेतलेला जुना कॉम्प्युटर त्याला पेलणारा नव्हता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' मला फार आवडला, भावाला शोधत निघालेली ती बहीण अजून डोळ्यांसमोर आहे, पण तो 2020 चा, तुझ्या दहा वर्षांत बसत नाही. माझी यादी त्या जुन्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या खेळांची आहे. तू खेळायचीस आणि मी शेजारी वह्या तपासत बसायचे, त्या खेळांची.

'माइनक्राफ्ट' नोव्हेंबर 2011 मध्ये पुरा होऊन बाहेर आला, आपल्याकडे 2013 च्या दिवाळीत. गल्लीतली पोरं लाल माती, दगड, पोती जमवून किल्ला करत होती. तू दुपारपर्यंत त्यांच्यात मातीत बसलीस आणि दुपारनंतर इथं येऊन चौकोनी ठोकळ्यांचा राजहंसगड बांधायला घेतलास. मागे आज्जा येऊन उभे राहिले. येळ्ळूरच्या शिवारातून लहानपणी शंभर वेळा त्या गडावर चढलेला माणूस. म्हणाले, "काय करुलीस गं? बुरूज उलट्या अंगाला घेतलीस की." तू एक शब्द न बोलता सगळा बुरूज पाडलास आणि पुन्हा बांधलास. गल्लीतला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला. तुझा अजून त्या हार्ड डिस्कवर आहे.

स्वीडनच्या मार्कस पर्सननं एकट्यानं सुरू केलेला हा खेळ, 2014 त मायक्रोसॉफ्टनं त्याची कंपनी अडीचशे कोटी डॉलरला घेतली. बाबा तो आकडा ऐकून गप्पच झाले होते. मला नवल वाटायचं ते वेगळ्या गोष्टीचं. आत गेल्यावर काय करायचं हे कुणीच सांगत नाही. वर्गात मी मुलांना कोरा कागद दिला की निम्मी मुलं "बाई, काय काढू?" विचारतात. तू विचारलं नाहीस.

मग 'स्टारड्यू व्हॅली', फेब्रुवारी 2016 चा. एरिक बॅरोन नावाच्या एका माणसानं चित्रं, संगीत, प्रोग्रॅम, गोष्ट सगळं एकट्यानं चार वर्षांवर खपून केलं, हे तू मला सांगितलंस तेव्हा माझा विश्वास बसेना. आजोबांनी मागे ठेवलेलं शेत कसायला शहरातली नोकरी सोडून नात येते, अशी सुरुवात. म्हणून तू आज्जांना मुद्दाम बोलावून खुर्ची दिलीस. पाऊस पडला त्या दिवशी झाडांना पाणी घालावं लागत नाही, हे बघून त्यांनी मान डोलावली. फ्लॉवर 12 दिवसांत तयार झाला तेव्हा मात्र ते उठून उभे राहिले. "अडीच महिने लागतात गं त्याला!" आणि थंडी आली, शेत बर्फाखाली मोकळं पडलं, तेव्हा त्यांचा प्रश्न होता, "मसूर कुठं गेला?" भात काढलं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकायचा, जमीन मोकळी ठेवायची नाही, हे आपल्या शिवाराचं गणित त्यांनी तुला त्या संध्याकाळी सांगितलं. बायपासला कुणाकुणाची जमीन गेली तेही सांगितलं. एरवी ते तुझ्याशी असं किती बोलले असते? पुढच्या वर्षी ते गेले. तुझ्या त्या शेतातल्या घराला त्यांचं नाव आहे, ते मी कालच पाहिलं.

तरी माझा पहिला नंबर या दोघांना नाही. 'पेपर्स, प्लीज'ला आहे. तुझ्या यादीत तो तेराव्या जागी आहे, आणि हे सगळं पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं.

ऑगस्ट 2013 चा खेळ. लुकास पोप या एका माणसाचा. रंग मळकट, गाणं म्हणजे जड पावलांचं संचलन, आणि साल 1982. आर्स्टोट्झ्का नावाच्या खोट्या देशाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर तुला नोकरी लागते, तीही लॉटरीत. समोर रांग. प्रत्येकाचा पासपोर्ट बघायचा, फोटो, तारीख, शिक्का, नाव जुळवायचं. हिरवा शिक्का, आत. लाल शिक्का, मागे. दर डोई 5 क्रेडिट, म्हणजे तिथले पैसे, मिळणार. घरी बायको, मुलगा, सासू, काका. भाडं, जेवण, शेकोटी, औषध यातलं काय भागवायचं ते रात्री ठरवायचं. रोज सकाळी नियम बदललेले. आज परमिट, उद्या ओळखपत्र, परवा कामाचा दाखला.

तू तेरा-चौदा वर्षांची. पाचव्या दिवशी एक माणूस आला, कागद चोख. जाताना म्हणाला, माझी बायको मागून येतेय, तिच्याशी चांगलं वागा. मागून ती आली. तिच्याकडे परमिट नव्हतं. परत गेले तर मला मारतील, म्हणाली. तू पुस्तिका उघडलीस, नियम बघितलास आणि लाल शिक्का मारलास. ती गेली. पुढचा माणूस येऊन उभा राहिला तरी तुझा हात हलेना. मग म्हणालीस, "आई, तिला सोडलं असतं तरी काही झालं नसतं गं. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना पैसे कापत नाहीत."

मी तपासत असलेली वही मिटली. सिनेमात ती बाई आली असती तर मी रडले असते आणि घरी येऊन कुकर लावला असता. इथं शिक्का तुझ्या बोटानं मारला होता. ते बोट मला दिसत होतं. गोष्ट सांगायच्या सगळ्या रीतींमध्ये ही एक नवीन रीत मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, आणि मी तीस वर्षं मुलांना गोष्टी सांगते आहे.

आणि नेमकं तेव्हाच आज्जीच्या पेन्शनचं चाललं होतं, आठवतं? एका कागदावर तिच्या नावापुढे 'बाई', दुसऱ्यावर 'अव्वा'. एक दाखला मराठीतला, एक कानडीतला, जन्मसाल प्रत्येकावर वेगळं. 1956 च्या 1 नोव्हेंबरला आपला मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला तेव्हा ती लहान पोर होती, तिच्या नावाचं काय होईल हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? तिला आम्ही तीनदा कचेरीत नेलं, तीनदा खिडकीतून कागद परत आले. मी त्या क्लार्कवर इतकी चिडले होते की घरी येऊन जेवले नाही. चौथ्यांदा मी एकटी गेले, आणि खरं सांगते, त्या खेळामुळे मला पहिल्यांदा खिडकीच्या आतलं दिसलं. त्याच्या टेबलावरचा ढीग, मागून ओरडणारा साहेब, पुढे चाळीस माणसं. मी भांडले नाही. "तुम्हाला कुठला कागद मिळाला तर पुढं सरकेल ते लिहून द्या," म्हटलं. त्यानं पाठकोऱ्या कागदावर कानडीत तीन ओळी लिहून दिल्या. प्रतिज्ञापत्र झालं, दोन महिन्यांत पेन्शन सुरू झाली. अन्याय होता तो होताच. आज्जीनं आपलं नाव शपथेवर का सिद्ध करावं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

2021 च्या ऑगस्टात तू पुण्याहून येताना राज्याच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर गाडी अडवली, कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीचा कागद मागितला. तू मला फोन लावून एवढंच म्हणालीस, "आई, आर्स्टोट्झ्का." त्या खेळातही शेवटी शेवटी पोलिओच्या लसीचा दाखला मागतात. तू हसत होतीस, पण तुझ्यामागच्या गाडीतल्या बाईकडे कागद नव्हता आणि तिच्या मांडीवर पोर होतं, हेही तूच सांगितलंस. तुझं लक्ष तिच्याकडे गेलं, याचं श्रेय थोडं मी त्या मळकट खेळाला देते.

आता जे सांगायचं राहिलंय ते.

2019. तू आणि गल्लीतली पोरं तेव्हा मोबाईलवर 'पब्जी'त होता. गच्चीवरून आरडाओरडा यायचा, निम्मा मराठी, निम्मा हिंदी, मध्येच शेजारचा पोरगा कानडीत "इल्ली बा, इल्ली बा" करायचा. मला त्या खेळाचं काही वाटायचं नाही, तुमची ती भाषांची खिचडी ऐकायला बरं वाटायचं. त्या मेमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलं, ते पेपरात वाचलं होतं. आणि सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यातल्या एका घरातली ती भयंकर बातमी आली. मुलाच्या हातून बाप गेला, मोबाईलच्या खेळावरून. त्या घराविषयी मी एक शब्द लिहिणार नाही. त्या रात्री मी झोपले नाही. पहाटे उठून कॉम्प्युटरची पॉवर केबल काढली आणि ज्वारीच्या डब्यात खाली घातली. तू उठल्यावर सांगितलं, "कॉम्प्युटर जळलाय बहुतेक, बाबा दाखवतील कुणाला तरी." फोनचं रिचार्जही मीच लांबवलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि "बरं" म्हणालीस.

तू 'द लास्ट ऑफ अस' मला यूट्यूबवर दाखवला होतास, आपल्याकडे प्लेस्टेशन नव्हतं म्हणून. तुकड्यातुकड्यानं आठवडाभर पाहिला. पहिल्या काही मिनिटांत त्यातल्या नायकाची, जोएलची मुलगी त्याच्या हातात जाते, आणि सगळा खेळ संपताना तो एलीशी, पुढे लेकीसारखी जपलेल्या पोरीशी, खोटं बोलतो. तिला वाचवायला आपण काय केलं ते लपवतो. ती त्याच्याकडे बघते आणि "ओके" म्हणते. तेव्हा तू विचारलं होतंस, "आई, तिला कळलंय ना?" मी म्हटलं, "कळलंय." जोएलनं जे केलं ते मी केलं असतं का, तर बहुतेक केलं असतं. खोटं मात्र बोलायला नको होतं, असं मी तुला ठासून सांगितलं होतं. आणि मग मीच ते केलं, ज्वारीच्या डब्यापाशी उभी राहून.

तू व्यसनी नव्हतीस. अभ्यास होत होता, जेवणाला बसत होतीस, आज्जीचे पाय चेपत होतीस. मी तुझे कागद उघडून बघितलेच नाहीत. दुसऱ्याच घराची भीती घेऊन तुझ्यावर लाल शिक्का मारला. डिसेंबरात केबल परत जोडली, तू "दुरुस्त झाला?" विचारलंस, मी "हो" म्हटलं. त्या चार महिन्यांत तू तुझं ते पहिलं चित्रांचं काम करणार होतीस, स्पर्धेसाठी, ते राहिलं. मला ते पुढच्या वर्षी तुझ्या वहीतून कळलं. मला माफ कर. हे फोनवर बोलायचा मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तुझ्या जेवणाचं विचारून फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात बाबांनी कॉम्प्युटरची धूळ झाडून दिली. मी 'पेपर्स, प्लीज' नव्यानं सुरू केलाय. माझी बोटं हळू आहेत, दिवसाला पाच-सहा माणसंच होतात, तेवढ्यात संध्याकाळ होते. कोब्रास्तान नावाच्या नसलेल्या देशाचा, हातानं रंगवलेला पासपोर्ट घेऊन जॉर्जी येऊन गेला. मी त्याला मागे पाठवलं, तो रागावलासुद्धा नाही. काल पाचवा दिवस लागला. ती बाई आली, तेच बोलली. मी हिरवा शिक्का मारला. चिठ्ठी आली, ताकीद. पैसे कापले नाहीत, तू म्हणाली होतीस तसंच.

पण आधीच कमाई कमी, त्यात रात्री घरचा हिशेब लागला तेव्हा सासू आजारी पडली होती. औषध घेतलं तर शेकोटीला उरत नाही, आणि मुलाला थंडी बाधलीय. मी तिथंच थांबवून ठेवलंय. पुढं काय करू ते उद्या सकाळी फोन करून सांग. आणि केबलचं तुला तेव्हाच कळलं होतं का, तेही सांग.

तुझी,
आई