या वयातही माणूस बदलतो, बाबा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "आता या वयात आम्ही काय बदलणार? जे व्हायचं ते होऊन गेलं." ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. तिशीनंतर बहुतेकांचा स्वभाव घट्ट होऊन बसतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनेही १८९० मध्ये लिहिलं होतं. पुढे संशोधकांनी त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की स्वभाव उतारवयातही बदलत राहतो. २०१३ च्या एका अभ्यासात १९,००० हून अधिक लोक होते, १८ ते ६८ वयाचे. मागच्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, असं लोक सांगत. पुढच्या दहा वर्षांतला बदल मात्र प्रत्येक वयात कमीच धरत.

मला तर हे घरातच दिसतं. बाबा, पूर्वी तुम्ही दोन वाक्यं बोलून फोन आईकडे द्यायचात. हल्ली "अजून काय?" म्हणत धरून ठेवता. आणि आई, कुणाला कधी नाही न म्हणणारी तू, परवा मावशीला "नाही जमणार" एवढंच म्हणालीस. कारणसुद्धा दिलं नाहीस! फार बरं वाटलं मला.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या घडणीचे आठ टप्पे सांगितले, अगदी म्हातारपणापर्यंत. त्याची बायको जोन त्या कामात सोबत होती. नव्वदीत पोचल्यावर तिला ते आठ अपुरे वाटले आणि तिने नववा जोडला. तिचं म्हणणं, शरीर साथ देईनासं झालं की लहानपणीचे प्रश्न नव्याने उभे राहतात: माझं मला जमेल ना, माझ्यावर माझाच ताबा आहे ना. दोन वर्षांचं मूल "माझं मी" म्हणतं, तोच हा प्रश्न. बाबा, जिना उतरताना कुणी हात धरला की तुम्ही झटकता, ते मला यातून उमगलं. तो हट्ट नाही. तुम्ही स्वतःला जपताय. यापुढे मी आधी विचारेन, आणि नको म्हणालात तर एक पायरी पुढे चालेन.

रविवारी फोन करते. जुन्या आठवणी सांगालच, पण आत्ताचंही सांगा: हल्ली काय आवडेनासं झालंय, काय नव्याने आवडायला लागलंय. आई, आधी तू.

तुमची,
लेक